पोटखराब्यातला लव्हाळा

पिंगुळीचं नाव निघालं की चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आठवतात, आणि ते रास्तच आहे. इथल्या ठाकर समाजातल्या काही घरांनी चित्रांच्या पोथ्या आणि त्या उलगडत कथा सांगण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सावंतवाडी संस्थानाने तिला आश्रय दिला. याच कलेसाठी 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. राऊळ महाराजांच्या मठामुळेही गाव दूरवर माहीत आहे. पण कुडाळहून सावंतवाडीकडे निघाल्यावर लागणाऱ्या या गावाला, आणि त्याच्या आसपासच्या सगळ्याच मुलखाला, आणखी एक इतिहास आहे. तो कुठल्या पोथीत चितारलेला नाही. मळ्यांत, व्हाळांच्या काठाला, तळ्यांच्या उतारावर आणि सड्यांवरच्या खळग्यांत वाढणाऱ्या वीत-दीड वीत उंचीच्या वनस्पतींमध्ये तो आहे. लोक त्यांना लव्हाळा म्हणतात, अनेकदा नुसतं गवत म्हणतात, आणि भातातून उपटून मेरेवर टाकतात.

लव्हाळा हे गवत नव्हे. ओळख पटवायला उपकरण लागत नाही, अंगठा आणि तर्जनी पुरेत. गवताची काडी चिमटीत फिरवली तर गोल लागते आणि तिच्यावर पेरं असतात. लव्हाळ्याच्या बहुतेक जातींची काडी बोटाला तीन कडांनी लागते, पेर नसतं, आणि पानंही तीन दिशांना रांगेने फुटतात. वनस्पतिशास्त्रात या कुळाला सायपेरेसी म्हणतात. जगभरात त्याच्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. प्राचीन इजिप्तने ज्याच्यावर आपली दप्तरं लिहिली तो पपायरस आणि आपल्या दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा एकाच प्रजातीतले, सायपेरस प्रजातीतले.

कोकणात या कुळाला घर का मिळालं हे समजायला जमीन पाहावी लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली जांभा दगड. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात पाहिलेल्या अशाच दगडाला 1807 साली शास्त्रीय नाव दिलं, पण कोकणी माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून जांभ्याचे चिरे कापून घरं, विहिरी आणि देवळं बांधत होता. जांभ्याचे सपाट माथे म्हणजे सडे. त्याखाली उतारावर भरड जमीन. आणखी खाली, व्हाळाच्या अंगाला, मळे. आणि जिथे भरतीचं पाणी आत शिरतं तिथे खाजण. माथ्यावर पडलेलं पाणी या चार पायऱ्या उतरत समुद्राला मिळतं, आणि थांबेल त्या प्रत्येक पायरीवर लव्हाळ्याची वेगळी जात उगवते.

मळ्यापासून सुरुवात करणं बरं, कारण माणसाचा आणि लव्हाळ्याचा संबंध तिथे सर्वांत जुना आणि रोजचा आहे.

आज ज्याला आपण मळा म्हणतो तो कधीकाळी व्हाळाकाठचा चिखल होता. डोंगरातून येणारं पाणी तिथे पसरायचं, गाळ टाकायचं आणि हिवाळ्यापर्यंत रेंगाळायचं. माणसांनी तिथे मेरा घातल्या, जमीन सारखी केली, पाणी एका कुणग्यातून दुसऱ्यात उतरवलं. हे काम एका पिढीत झालेलं नाही, आणि त्याचा एकही शिलालेख नाही. पण भाताचा कुणगा म्हणजे माणसाने बांधलेली दलदलच, हे लक्षात घेतलं की पुढची गोष्ट आपोआप कळते. मूळ दलदलीत जे लव्हाळे होते त्यांना हलायची गरज पडली नाही. त्यांना हवं असलेलं उथळ पाणी, ऊन आणि मऊ चिखल शेतकऱ्याने दरवर्षी नव्याने तयार करून दिला. सायपेरस इरिया, सायपेरस डिफॉर्मिस आणि फिंब्रिस्टायलिसच्या काही जाती आशियाभर भाताबरोबर राहतात, त्या अशाच. त्यांचं बी मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी बारीक. एका रोपाला हजारोंनी धरतं, चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि पाणी ओसरून उजेड लागला की रुजतं.

चिखलात श्वास घेण्याची त्यांची युक्तीही पाहण्यासारखी आहे. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू जवळजवळ नसतो. लव्हाळ्याच्या काडीत आणि मुळात हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून वरची हवा खाली पोचते आणि थोडी मुळाबाहेर झिरपते. जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे त्या झिरपलेल्या हवेने मुळाभोवती गंजाचा तांबूस थर धरतो. कोकणातल्या मळ्यातून लव्हाळा मुळासकट उपसला तर हा थर डोळ्यांनी दिसतो. भाताची मुळंही हेच करतात. म्हणजे पीक आणि तण दोघांनी एकाच अडचणीवर एकच उत्तर काढलेलं आहे, आणि म्हणूनच त्यांना एकमेकांपासून तोडणं इतकं अवघड जातं.

ते तोडण्याचं काम बायकांकडे होतं. लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी बेणणी सुरू होते. तेव्हा भाताचं रोप आणि लव्हाळ्याचं रोप दुरून सारखंच हिरवं दिसतं. पण बेणणाऱ्या हाताला काडीची कड कळते, आणि फिंब्रिस्टायलिसचं कोवळं रोप बुडाशी पंख्यासारखं चपटं असतं हेही ठाऊक असतं. पावसात वाकून तासन्‌तास केलेल्या या कामाची मजुरी कागदोपत्री आली, त्यातलं ज्ञान आलं नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला लव्हाळ्याच्या जाती वेगळ्या करायला भिंग आणि पिकलेलं फळ लागतं. फूल यायच्या आत, चिखलात, नुसत्या बोटांनी त्या ओळखणाऱ्या बायकांची परंपरा कुणी नोंदवून ठेवली नाही, आणि ही उणीव भरून निघण्यासारखी नाही. 1940 च्या दशकात निघालेलं टू-फोर-डी हे तणनाशक गवतासारख्या पिकाला सोडतं आणि रुंद पानांची तणं व लव्हाळे यांना मारतं. ते भातशेतीत रुळलं तसतशी बेणणी कमी होत गेली. बायकांच्या कंबरेला आराम मिळाला, हे चांगलंच झालं. पण त्यांच्या बोटांतली ओळखही त्याच वाटेने गेली.

पावसाळी पीक निघाल्यावर ज्या मळ्यांत पाणी उरतं तिथे थंडीत दुसरं भात होतं, ते वायंगण. वायंगणी कुणगा बाराही महिने ओला राहतो. तिथला लव्हाळाही वेगळा असतो. एलिओकॅरिस प्रजातीच्या काही जाती तिथे दिसतात: पान जवळजवळ नाही, नुसत्या हिरव्या काड्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एकच बोंड. मुंबई इलाख्याच्या जुन्या वनस्पतिकोशांत नोंदलेली एलिओकॅरिस ॲट्रोपुर्पुरिया तर काही ठिकाणी बोटभरही उंच होत नाही.

कुडाळहून मालवणच्या वाटेवर धामापूरचं तळं आहे. विजयनगरच्या राजवटीतला मांडलिक नागेश देसाई याने 1530 साली दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध घालून ते घडवलं, असं इतिहास सांगतो. काठावर भगवतीचं देऊळ. लग्नकार्याला दागिने हवे असतील तर फुलांची परडी तळ्यात सोडायची, तळं दागिने देतं, अशी आख्यायिका पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने 2020 साली या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. त्या वर्षी हा मान मिळालेलं महाराष्ट्रातलं ते एकमेव तळं.

मान बांधाला आणि पाटाला मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पाच शतकं टिकलेला मातीचा बांध ही सामान्य गोष्ट नव्हे. पण असा बांध टिकण्यात काठाच्या वनस्पतींचाही वाटा असतो, तो कमी सांगितला जातो. तळ्याचं पाणी हिवाळ्यात मागे सरकतं तसा उघड्या पडलेल्या चिखलाचा एक पट्टा तयार होतो. त्यावर महिन्याभरात लव्हाळ्यांची दाट हिरवळ चढते. तिची मुळं गाळ धरून ठेवतात, डोंगरातून येणारी माती तिथेच अडते, लाटेचा मारा काठाला थेट बसत नाही. जलपक्षी तिचं बी खातात आणि पायाला लागलेल्या चिखलातून ते दुसऱ्या तळ्यात नेतात. लव्हाळ्याच्या कित्येक जाती आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या दिसतात, त्यामागे पाखरांचे पाय हे एक मोठं कारण आहे.

खाडीकडे उतरलं की गणित बदलतं. कर्ली नदीच्या मुखापासून आत, जिथवर खारं पाणी चढतं तिथवर, माणसांनी भरतीच्या विरुद्ध बांध घातले. ही खारबंदिस्ती जुनी. राज्यकर्त्यांनी तिचं महत्त्व ओळखून कायदेही केले: 1948 चा मुंबई खारजमीन कायदा, मग 1979 चा महाराष्ट्राचा. बांध फुटला की पीक तर जातंच, जमिनीत मीठ बसतं ते पुढची दोन-तीन वर्षं निघत नाही. अशा जमिनीवर भाताच्या आधी जे परत येतात त्यांत फिंब्रिस्टायलिस फेरुजिनिया हा तांबूस बोंडांचा लव्हाळा असतो. तो मीठ सोसतो. गोव्याच्या खाजणांत कोरगुट भात टिकतो आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे बांधाच्या कडेला असलेच लव्हाळे दिसतात. निसर्गाने इथे राज्यांची हद्द पाळलेली नाही.

सड्यांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं.

उन्हाळ्यात सडा पाहणाऱ्याला तो मेलेला वाटतो. काळा-तांबडा तापलेला कातळ, मधूनच सुकलेलं गवत, सावलीला झाड नाही. सरकारी भाषेत पडीक. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला की पंधरा दिवसांत तोच सडा ओळखू येत नाही. कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं. बोटभर मातीचा थर असलेल्या ठिकाणी आधी लव्हाळे उगवतात, मग त्यांच्या मधल्या जागेत सीतेची आसवं, पांढऱ्या गेंदांचे झुबके, किडे पकडणारा दवबिंदू. या सगळ्यांना ऑक्टोबरच्या उन्हाआधी जन्म, फूल, बी असं पुरं करायचं असतं. लव्हाळ्यांना रंगीत फूल नाही, त्यामुळे सड्याच्या छायाचित्रांत ते कधी पुढे नसतात. पण मातीचा तो बोटभर थर त्यांनीच धरून ठेवलेला असतो. त्यांच्या मुळांचं जाळं काढलं तर पहिल्या जोरदार सरीत माती वाहून जाईल आणि सीतेची आसवंही राहणार नाहीत.

हेच सडे कोकणातल्या सर्वांत जुन्या माणसांनी आपल्या चित्रांसाठी निवडले. मालवण तालुक्यातल्या कुडोपीचा सडा आणि रत्नागिरी जिल्ह्यातले कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, जांभरूण, उक्षी इथले कातळ यांवर माणसं, प्राणी, मासे, भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. काही आकृत्या हत्तीएवढ्या मोठ्या. संशोधक त्यांचा आरंभ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. 2022 साली या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. ही चित्रं कोरणारी माणसं पावसाळ्यानंतर सड्यावर साचलेल्या पाण्याशेजारी राहिली असतील, हरणं आणि रानडुकरं त्या पाण्यावर येत असतील, हा अंदाज जमीन पाहणाऱ्या कुणालाही पटेल. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात कालिदासाने डबक्यांकाठी मुस्ता उकरणाऱ्या रानडुकरांचा उल्लेख केला आहे. ती मुस्ता म्हणजे नागरमोथा, लव्हाळ्याचाच कंद. पाण्याच्या जागा, लव्हाळा आणि शिकार यांचं नातं कवीच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

नागरमोथ्याला तर वैद्यकात मोठा मान आहे. चरकाने तापात द्यायला सांगितलेल्या षडंगपानीयात पर्पटक, वाळा, चंदन, उदीच्य आणि सुंठ यांच्याबरोबर मुस्ता येते. सिंधुदुर्गात दिवाळीतल्या चावदिसाला पहाटे अंगाला उटणं लागतं, त्यात तिचा वास असतो. तिचीच बहीण सायपेरस स्कॅरिओसस मध्य भारतातल्या ओल्या जागांतून खणली जाते, तिचं तेल अत्तरात जातं. याच षडंगातला वाळा हे खरंखुरं गवत, पण तोही ओलीचाच रहिवासी. वाळ्याच्या जरीकाम केलेल्या पंख्यांसाठी सावंतवाडी एकेकाळी प्रसिद्ध होती. तमिळनाडूत पत्तमडईच्या तलम चटया आणि बंगालात मेदिनीपूरचे मादूर लव्हाळ्याच्याच काड्यांतून विणले जातात. दक्षिण कोकणात मात्र घराघरांत माड होता, मांडवाला आणि कुडाला चुडताचे झाप मिळत होते, म्हणून लव्हाळा विणायची गरज फारशी पडली नाही.

त्याच सायपेरस रोटुंडस या नागरमोथ्याला 1977 साली लीरॉय होम आणि सहकाऱ्यांनी जगातलं सर्वांत त्रासदायक तण ठरवलं. नव्वदाहून अधिक देशांत तो पिकात शिरलेला आहे. लव्हाळ्याचा सगळा दुष्कीर्तीचा भार या एका जातीने वाहिला आणि बाकीच्या शेकडो साध्या, कुणाचं काही न बिघडवणाऱ्या जातीही त्याच नजरेने पाहिल्या गेल्या. तुकोबांनी मात्र पुराच्या पाण्यात टिकून राहणाऱ्या लव्हाळ्यात नम्रतेचं बळ पाहिलं. मराठी मनात लव्हाळ्याला जी काही प्रतिष्ठा आहे ती त्या अभंगातून आली आहे.

शास्त्राच्या दप्तरात कोकणचे लव्हाळे कसे आले, हा प्रवासही सांगण्याजोगा आहे. कोचीचा डच सुभेदार व्हान ऱ्हीड याने सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो 'हॉर्टस मलबारिकस'. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमहून तो छापला गेला. त्याच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी मोठी मदत केली. त्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेलं आहे. शेवटच्या खंडात गवतांच्या जोडीला लव्हाळ्यांची चित्रं येतात. पुढे लिनियसने 1753 साली सायपेरस रोटुंडस हे नाव दिलं. डेन्मार्कच्या रॉटबोल यांनी 1773 साली काइलिंगा ही प्रजाती मांडली. त्यातला पांढऱ्या गोल गोंड्याचा छोटा लव्हाळा कोकणात पावसाळी पाणंदीच्या कडेला कुठेही दिसतो.

दक्षिण कोकणात प्रत्यक्ष फिरून झाडं जमवणाऱ्यांत निकोल डाल्झेल यांचं नाव आधी घ्यावं लागतं. ते मुंबई इलाख्यात जकातीच्या खात्यात होते, पुढे वनखात्यात गेले. मालवणच्या आसपास गोळा केलेल्या वनस्पतींची नोंद त्यांच्या लिखाणात वारंवार येते. अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर त्यांनी केलेला 'बॉम्बे फ्लोरा' 1861 साली निघाला. लव्हाळ्यांचं सर्वांत किचकट काम चार्ल्स बॅरन क्लार्क यांनी केलं. बंगालात शाळा तपासणारा हा अधिकारी सायपेरेसी कुळाचा जगातला मोठा जाणकार झाला आणि हिंदुस्थानच्या वनस्पतिकोशातला तो भाग त्याने लिहिला. पुण्याच्या गणेशखिंड बागेचे वूड्रो यांच्या सन्मानार्थ एका लव्हाळ्याला त्याने फिंब्रिस्टायलिस वूड्रोई हे नाव दिलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश 1901 ते 1908 दरम्यान पुरा केला. त्याच्या पानापानांवर नमुने आणणाऱ्यांची नावं आहेत, आणि साहेबांच्या नावांमध्येच कानिटकर, भिवा अशी नावंही येतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ही नावं नाहीत. पण चिखलात उतरून लव्हाळा उपसून आणणारी माणसं तीच होती.

स्वातंत्र्यानंतर हे काम थांबलं नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने बी. जी. कुलकर्णी यांचा 'फ्लोरा ऑफ सिंधुदुर्ग' 1988 साली प्रसिद्ध केला, आणि एस. एम. आल्मेडा यांचा सावंतवाडीच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1990 साली आला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावसारख्या कोरड्या गावात शिकवणाऱ्या वडूद खान यांनी उभं आयुष्य लव्हाळ्यांना दिलं. पश्चिम घाट, किनारपट्टी आणि महाराष्ट्रातल्या सायपेरेसी कुळावरचा त्यांचा ग्रंथ 2015 साली निघाला. त्याआधीच, 2009 साली, महाराष्ट्रातल्या एका नव्या लव्हाळ्याला एलिओकॅरिस वडूदी असं नाव देऊन सहकाऱ्यांनी त्यांचा गौरव केला होता. एकविसाव्या शतकातही या भूमीवर लव्हाळ्याची अनोळखी जात सापडू शकते, ही गोष्ट आपल्या सड्या-मळ्यांबद्दल बरंच काही सांगून जाते.

शास्त्रज्ञांनी जाती नोंदवल्या. पण त्या जिथे राहतात ती जागा सरकारदरबारी कशी नोंदवली गेली? इथे इतिहासाचा सूर बदलतो.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी झाली ती महसुलासाठी. पीक देणाऱ्या जमिनीची प्रत ठरली, आकार ठरला. त्याच सर्व्हे नंबरात जो भाग पीक देत नाही, म्हणजे कातळ, खडक, डबकं, चिखलाची पट्टी, तो वजा करून 'पोटखराबा' या रकान्यात टाकला गेला. कुडाळ तेव्हा सावंतवाडी संस्थानच्या तीन विभागांपैकी एक. 1948 साली संस्थान विलीन झालं, 1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, पण रकाना तोच राहिला. आजच्या सातबाऱ्यावरही तो आहे: 'अ' वर्ग म्हणजे लागवडीला अयोग्य, 'ब' वर्ग म्हणजे वाट, पाणवठा अशा सार्वजनिक कामाचा. 2018 साली नियमांत बदल होऊन 'अ' वर्गातली जमीन लागवडीखाली आणली तर ती आकारणीस पात्र ठरवण्याची सोय झाली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ही मागणी न्याय्य होती, कारण कसलेली जमीन कागदावर खराबा राहिली की कर्ज आणि नुकसानभरपाई अडते. पण याचा दुसरा अर्थ असा की लव्हाळ्याची जागा भरून काढण्यातच आता कागदोपत्री फायदा आहे.

पाणथळींच्या गणनेतही असंच झालं. इस्रोच्या अवकाश उपयोग केंद्राने 2011 साली पाणथळींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या दोन लाखांहून अधिक पाणथळींच्या सीमा आखल्या गेल्या. त्याहून लहान साडेपाच लाखांहून अधिक जागा नकाशावर नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या. सड्यावरचा चार महिन्यांचा खळगा तर ठिपक्यातही येणं कठीण. 2017 च्या पाणथळ नियमांनी नद्यांची पात्रं, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळले. मळा गेला, तळं गेलं. महाराष्ट्रात नांदूरमधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या रामसर जागा झाल्या, त्याचा आनंदच आहे. पण कोकणातला लव्हाळा ज्या जागांत राहतो त्यांतल्या बहुतेक जागा एकाही संरक्षित यादीत बसत नाहीत, कारण त्या फार लहान आहेत, किंवा हंगामी आहेत, किंवा माणसाच्या हाताने घडलेल्या आहेत.

आणि त्या झपाट्याने जात आहेत. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. कोकणातल्या अनेक कुटुंबांना तिने खरोखर उभं केलं. पण तिच्यासह आंबा-काजूसाठी सड्यांच्या कातळात सुरुंगाने खड्डे घेणं आणि बाहेरची माती आणून भरणं हेही सर्रास झालं. जांभ्याचे चिरे आता हाताने नव्हे, यंत्राने कापले जातात आणि एकेक सडा थरांथरांनी खाली जातो. परुळे-चिपीच्या सड्यावर विमानतळ झाला, 9 ऑक्टोबर 2021 रोजी तो सुरू झाला. महामार्गाच्या दोन्ही अंगांना मळ्यांमध्ये मातीचे भराव पडत आहेत. विकास नको असं कुणी म्हणत नाही. पण एखादा मळा भरला गेला की पाणी आपली जागा सोडून शेजारच्या घराच्या जोत्याला लागतं, हा अनुभव कोकणातल्या गावांना आता दर पावसाळ्यात येतो.

जिथे समाजाने जागेला आपलं म्हटलं तिथे चित्र वेगळं आहे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानटी जायफळाची दलदल गावाने देवराई म्हणून राखली होती. ती दलदल शास्त्रज्ञांच्या नजरेला आली आणि 2021 साली शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं. आधी गावाची श्रद्धा, मग शास्त्र, शेवटी कागद, असा क्रम तिथे लागला. लव्हाळ्याच्या जागांना देवाचं नाव नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत कागदापासूनच सुरुवात करावी लागेल.

त्यासाठी कायदा हाताशी आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पिंगुळी असो, धामापूर असो, कुडोपी असो, येत्या पावसाळ्यात गावातल्या शाळेची मुलं, बेणणी केलेल्या वयस्कर बायका आणि सड्यावर गुरं नेणारे गुराखी यांना बरोबर घेऊन ही नोंदवही उघडा. कोणत्या सड्यावर पाणी किती दिवस टिकतं, कोणता कुणगा वायंगणी आहे, कुठल्या व्हाळाकाठी कोणता लव्हाळा उगवतो, हे सर्व्हे नंबरासह तिच्यात लिहा, आणि ग्रामसभेत वाचून तिचा ठराव करून घ्या.